बॅटरी

ॲलनडेलमध्ये तिसऱ्या रात्रीही वीज नाही.
वादळाने दरीतले खांब काड्यांसारखे मोडलेत,
आणि शेजारचा विल्फ्रेड माझ्या दारात,
तळव्यावर बॅटरी आपटत:
लागते, विझते. लागते.
विझते.
"तू डॉक्टर ना?" म्हणतो.
दातांची, मी म्हणते.
"मग हिलाही तोंड आहेच की."

टेबलावर मेणबत्ती, जुना टॉवेल, त्यावर ती आडवी.
कधीपासून होतंय?
थंडीत जास्त होतं का?
दाबल्यावर बरं वाटतं?
हेक्समच्या दवाखान्यात रोज विचारते मी हे,
आणि दुखणं नेमकं खुर्चीत बसलं की गप्प होतं.
हीही तशीच. माझ्या हातात आली आणि लख्ख,
दहा मिनिटं, शहाण्या मुलीसारखी.
विल्फ्रेड ओशाळला, जणू तोच खोटं बोलला होता.
त्याने परत हातात घेतली
आणि अंधार.

सेल काढले. एक नवा,
एक "अजून चालेल" म्हणून ठेवलेला.
बाबा असे सेल दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवायचे,
दोन दिवस जादा मिळायचे,
किंवा मिळाल्यासारखं वाटायचं.
इथे नोव्हेंबरात ऊन कुठून आणू?
दोन्ही बदलले.

स्प्रिंगवर पांढरट हिरवं किटण.
हे मी ओळखते.
बॅगेतला बारीक आकडा काढला, कडेकडेने खरवडलं,
व्हिनेगरमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवली
(तो म्हणाला, हिला भूल नाही दिलीस?),
मग खोडरबराने घासलं,
पितळ उजळेपर्यंत.
लागली.
त्याच्या हातात: नाही.

तेव्हा मी बॅटरीकडे बघायचं सोडून
त्याच्या हाताकडे बघितलं.
संधिवाताने वळलेली बोटं.
तो तिला मधोमध धरतच नाही,
शेपटीकडून धरतो, मागच्या झाकणाला,
आणि हात थरथरला की झाकण केसभर सैल होतं.
वीज नुसती पुढे जात नाही ना,
तिला परत यायलाही वाट लागते,
ती वाट या आट्यांमधून,
आणि आट्यांत बसलेलं वर्षानुवर्षांचं काळं वंगण.
फडक्याच्या टोकाने पुसून काढलं, एकेक फेरा.
रबराच्या कड्याला व्हॅसलीन.
झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे.
आता हलव, म्हटलं. आपट हवी तर.
आपटली त्याने. लागलेलीच राहिली.
सवयीने आणखी एकदा आपटली.

नऊला पाच कमी होते तेव्हा सांगितलं त्याने,
हिची एवढी घाई कशाला ते.
पलीकडच्या उतारावर त्याची बहीण, म्युरिएल, चौऱ्याऐंशी.
फोन बंद. रोज नऊला
एक उघडझाप म्हणजे ठीक आहे,
तीन म्हणजे ये.
काल बॅटरीने आपल्याच मनाने तीनदा डोळे मिचकावले
आणि म्हातारी गमबूट घालून
ओढ्यापर्यंत उतरून आली.
"काय बोलली म्हणून सांगू," तो म्हणाला,
पण सांगितलं नाही.

मागच्या फाटकापाशी उभे राहिलो आम्ही.
वारा पडलेला. मेंढ्यांचा ओला वास.
नऊ.
त्याने एकदा दाबलं. सरळ, स्वच्छ एक रेघ
दरी ओलांडून गेली.
विझवली.
बराच वेळ काहीच नाही.
मग समोर, खूप वर, एक ठिपका.
गेला.
परत आला. गेला.
परत.

विल्फ्रेड माझ्याकडे बघतो.
"तिचीही बिघडली असेल," म्हणतो,
आणि म्हणता म्हणताच खाली वाकून
बुटाची नाडी शोधू लागतो.
मी आत जाते, बॅग घेते,
आकडा, काडी, व्हिनेगरची बाटली,
आणि वरच्या फळीवरची ती दुसरी बॅगही,
रक्तदाबाचं यंत्र असलेली.
तो पुढे. प्रकाश त्याच्या पावलांशी,
अजिबात न लुकलुकता.